नानांचे बैल खोळंबलेत

अख्ख्या खानदेशात माझ्या आत्याच्या यजमानांइतकी नाटकं पाहिलेला माणूस दुसरा झाला नाही, आणि इतकी नाटकं पाहून एकाचाही शेवट न पाहिलेला माणूस तर त्रिभुवनात झाला नसेल. असोद्याला त्यांची केळीची बाग, थोडं कपाशीचं रान आणि चार बैल. गाव त्यांना नाना म्हणायचं आणि आत्याला अक्का, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. जळगावात एखादी कंपनी उतरून पत्र्याचं थेटर उभं राहिलं, की दुसऱ्या दिवशी आमच्या दारात नानांची दमणी, म्हणजे छपराची हलकी बैलगाडी, हजर. कंपनी नामांकित की फुटकळ, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. वकिलांचा हौशी क्लब असो, शाळेचं संमेलन असो, गणपतीत तालमीतल्या पोरांनी केलेला फार्स असो, तोंडाला रंग फासून कोणी उभा राहिला की नाना समोर बसलेच. रंग नसला तरी चालायचं. एकदा मेहरूणच्या तळ्याकाठी एक गृहस्थ हातवारे करत स्वतःशीच बोलत चालले होते, तर नाना दमणी थांबवून अर्धा तास त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. ते गृहस्थ घरी बायकोला काय सुनवायचं याची उजळणी करत होते. नाना उठताना म्हणाले, "चांगलं करता तुम्ही, पन आवाज जरा मोठा काढा." गृहस्थांनी घरी जाऊन तो काढला की नाही, ते कळलं नाही.

नाटकाचं नाव मात्र त्यांना कधी सांगता आलं नाही. ते नाटक ओळखायचे वस्तूवरून. पेल्याचं नाटक, विहिरीचं नाटक, शिडीचं नाटक, असा त्यांचा हिशेब. एक होतं पगडीचं नाटक. त्यात पगडीचा तसा काही संबंध नव्हता, पण नानांनी ते पाहिलं त्या दिवशी सेनापतीची पगडी घसरली आणि खालून चकचकीत टक्कल निघालं. पुढे त्या कंपनीचा मॅनेजर भेटला तेव्हा नानांनी त्याला, "तुमचं ते पगडीचं नाटक पुन्हा कधी?" असं तीनदा विचारलं, आणि तो बिचारा आपल्या नाटकांच्या यादीवरून तीनदा बोट फिरवून गेला.

नाटक चालू असताना गप्प बसणं त्यांना माणुसकीला सोडून वाटायचं. खलनायक खंजीर घेऊन पडद्याआड लपलेला, आणि नायक आपला चंद्राकडे पाहून ताना घेतोय. आता आपल्याला खंजीर दिसतोय आणि त्याला दिसत नाही, तर सांगायला नको? नाना उभे राहायचे. "ओ भाऊ, मांगे पाह्य." नायकाने लक्ष दिलं नाही, की ते पुढे जाऊन पेटीवाल्याची बाही ओढायचे, "तुम्ही तरी सांगा त्याले, तुमचं ऐकंल." एकदा असाच एक खलनायक दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाव्याच्या दुकानात नानांच्या शेजारी बसायला आला. सख्ख्या भावाचं राज्य बळकावणारा हा माणूस गालाला साबण लावून बसलेला पाहून नानांना राहवेना. घरच्या माणसासारखी त्यांनी त्याची हजेरी घेतली. तो म्हणाला, "काका, मला तसं काम दिलंय, मी काय करू?" नाना म्हणाले, "मंग असं काम सोड. माह्या मोटेवर ये." कंपनीच्या पातळ आमटीला विटलेला तो माणूस खरंच असोद्याला गेला, आठ दिवस मोट हाकली, भरीत-भाकरी आणि केळी खाल्ली आणि गाल भरून परत आला. ते आठ दिवस कंपनीत खलनायकाचं काम पेटीवाल्याला करावं लागलं. तो पेटी वाजवता वाजवताच खून करायचा.

केळी हा तर स्वतंत्र अध्याय आहे. कोणी नटाला पदक देतं, कोणी शेला देतं. नाना अख्खा घड देत. पडद्यामागे केळीचा घड खांद्यावर घेऊन शिरलेले नाना आणि त्यांना पाहून अर्धवट साडीत उठून उभी राहिलेली महाराणी, हे दृश्य मी कितीदा पाहिलंय. आमच्या शाळेच्या संमेलनात एकदा तपोवनाचा प्रवेश होता. झाडं पाहिजेत म्हटल्यावर नानांनी बागेतली तीन केळीची खोडं घडांसकट तोडून आणली. बारा वर्षं अन्नाचा कण न घेतलेले ऋषी त्या केळीखाली डोळे मिटून बसले. ऋषी झालेला मुलगा सकाळपासून तालमीत होता आणि खरोखरच उपाशी होता. दोन वाक्यं बोलायचा, हात वर करायचा, एक केळ तोडायचा. तिसऱ्या केळाला लोक हसायला लागले, हेडमास्तर खुर्चीवरून अर्धे उठले. तेवढ्यात नाना मोठ्यांदा म्हणाले, "खाऊ द्या त्याले. बारा वर्साचा उपाशी हाये." हेडमास्तर पुन्हा खाली बसले. ऋषींनी शांतपणे पूर्ण फणी संपवली आणि मग शाप दिला.

पण मी म्हटलं ना, शेवट. नाना नेहमी दाराजवळच बसायचे. पुढची खुर्ची मिळत असली तरी ती दुसऱ्याला देऊन दाराशी घोंगडी टाकायचे. शेवटच्या अंकाची घंटा झाली की घोंगडी झटकून उठायचे आणि म्हणायचे, "चला, बैल खोळंबले." बैल थेटराबाहेर निवांत रवंथ करत बसलेले असायचे. मी लहानपणापासून हे ऐकत आलो, त्यामुळे बैलांना नाटकाचा शेवट आवडत नाही अशीच माझी समजूत होती. ती समजूत धुळ्याला मोडली. धुळ्याच्या एका शाळेच्या पोरांचं नाटक पाहायला आम्ही आगगाडीने गेलो होतो. नरडाण्याला उतरलो, तिथून सर्व्हिस मोटारीने, धुळीने पांढरे होऊन धुळे गाठलं. नाटक छान रंगलं. शेवटच्या अंकाची घंटा झाली आणि नाना उठले.

"चला, बैल खोळंबले."

मी म्हटलं, "नाना, बैल असोद्याला आहेत. आपण रेल्वेने आलोय."

"तेच म्हनतो मी," नाना म्हणाले. "कधीचे खोळंबले असतील बिचारे."

दारावरच्या धुळेकराने हात आडवा करून, कुठे निघालात, म्हणून हटकलं, "भाऊ, कथा चालनात? खरं नाटक तं आते शे." नानांनी त्याला दोन केळी दिली आणि ते बाहेर पडले. पोरं आत तलवारी खणखणवत होती, आणि आम्ही बाहेर एका ओट्यावर परतीच्या मोटारीची वाट पाहत शेंगा खात बसलो होतो. मोटारीला चांगला दोन तास अवकाश होता.

आणि हाच माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी असोद्याला आपल्या ओट्यावर बसून ते नाटक पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत सांगायचा. जेवणं उरकून निम्मा गाव जमायचा. दाराच्या चौकटीला टेकून अक्का बसायची, वाती वळत नाहीतर शेंगा फोडत. गोष्ट सांगणाऱ्याला कोणीतरी हुंकारा द्यावा लागतो, नाहीतर गोष्ट पुढे सरकत नाही, हे तुम्हाला ठाऊकच असेल. नानांना हुंकारा लागायचा तो अक्काचा. बाकीच्या पन्नास माणसांनी "हूं" म्हटलं तरी ते अडून राहायचे. अक्काने मान न उचलता "हूं" केलं, की गाडी चालू. सगळी पात्रं ते स्वतः करायचे. राणीसाठी उपरणं डोक्यावरून घ्यायचे, घोड्यासाठी स्वतःच्याच मांडीवर थापा मारायचे, आणि गाण्याच्या जागी, "इथं तो गातो, भलता येळ गातो," एवढं सांगून मोकळे व्हायचे.

आता न पाहिलेला शेवट कुठून यायचा? तो नाना स्वतः करायचे आणि फक्कड करायचे. विष भरलेला पेला दासीचा धक्का लागून पडायचा. फासावर चढवलेल्या माणसाचा दोर उंदरांनी आधीच कुरतडलेला असायचा. लढाईत पडलेला राजपुत्र कांदा हुंगवला की उठून बसायचा. खलनायकाला मारायचं नाही, मोटेवर धाडायचं. नानांच्या हिशेबाने खानदेशातल्या निम्म्या विहिरींवर पूर्वाश्रमीचे सेनापती मोट हाकत असावेत. आणि मग राजा, राणी, दासी, ऋषी सगळे एका पंगतीत बसून वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खायचे. असोद्याच्या लोकांना मराठी रंगभूमीवरची झाडून सारी नाटकं तोंडपाठ होती, पण ती अशी. मी एकदा शाळेतलं शहाणपण पाजळायला गेलो, "पण नाना, त्या पेल्याच्या नाटकात राणी शेवटी मर..." तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी माझ्या तोंडात सोललेलं केळ कोंबलं. मला वाटलं, लाडाने दिलं.

मॅट्रिकच्या आदल्या वर्षी आमच्या शाळेने नेमकं तेच पेल्याचं नाटक बसवलं. माझा आवाज फुटायचा राहिला होता, म्हणून राणी मी. नाटक बसवणारे गुरुजी मोठे कर्मठ. छापलेला शब्द म्हणजे त्यांना वेद. आमच्या पुस्तकातलं तिसऱ्या अंकाचं एक पान उंदरांनी खाल्लं होतं. दुसरं कोणी असता तर पुढच्या पानावर गेला असता. गुरुजी त्या एका पानाला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ आम्हाला रंगमंचावर गप्प उभं करायचे. संमेलनात लोकांना वाटलं, फार गंभीर प्रसंग आहे. दोघं-तिघं रडलेसुद्धा. नाटक गाजलं, आणि असोद्याच्या पाटलांनी गुरुजींना गळ घातली की आमच्या गावात एकदा कराच. गॅसबत्त्यांची सोय नव्हती, म्हणून दुपारचं ठरलं. दोन बैलगाड्या जोडून, वर फळ्या टाकून रंगमंच करायचा. गाड्या नानांच्या. जागा नानांच्या ओट्यासमोरची.

ही बातमी असोद्याला पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी नाना आमच्याकडे आले. जळगावात तेव्हा कुठेच नाटक नव्हतं. ते सरळ माझ्या खोलीत येऊन ट्रंकेवर बसले.

"तू रानी व्हनार म्हने."

"हो, नाना."

"मरशील?"

"चौथ्या अंकात."

"नको मरू," नाना म्हणाले.

मला हसू आलं, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून ते गिळलं. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत त्यांनी जे सांगितलं ते असं. अक्का आणि नानांना एक मुलगी होती. ती सहा वर्षांची होऊन देवीच्या साथीत गेली, एवढं मला ऐकून माहीत होतं. तिच्यामागे अक्काचं मन रमेना, म्हणून नाना तिला जळगावला नाटकाला घेऊन आले. दोघांचंही ते पहिलंच नाटक. नेमकं ते निघालं विहिरीचं. शेवटी एक पोर विहिरीत पडते. ती पडली तशी अक्काने तोंडावर पदर ओढला आणि ती उठून बाहेर आली. घरी आल्यावर चार दिवस जेवली नाही.

"मंग मी एकटा पुन्हा गेलो," नाना म्हणाले. "पोर पडली तथलोक पाह्यलं अन् उठलो. घरी येऊन तिले सांगतलं, तू उगा उठली, पुढं ती मोटेचा दोर धरून वर आली. तवा जेवली ती." त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ चिमटीत धरली. "माह्या गयात हे हाये. खोटं बोलता येत नही मले. म्हनून मी शेवट पाहातच नही. मी पाह्यलाच नही, तं खोटं कसं?"

लहानपणापासूनची सगळी नाटकं माझ्या डोळ्यांसमोरून गेली. धुळ्याच्या ओट्यावरच्या शेंगासुद्धा आठवल्या. नाना सांगत होते, की अक्काला त्या दिवसापुरतं माहेरी, म्हणजे आमच्याकडे धाडायचाही प्रयत्न करून झाला. ती म्हणाली, भाच्याचं नाटक माह्या दारात, अन् मी माहेरी जाऊन बसू? "आता ती ओट्यावर बसंल," नाना म्हणाले, "अन् तू तिच्या डोयासमोर मरशील. मंग तिले कयंल, मांगचे बी सारे मेलेच व्हते."

मी गुरुजींकडे गेलो. राणीला जगवता येईल का, एवढंच विचारलं. गुरुजी म्हणाले, "नाटककाराने मारलेल्या माणसाला जिवंत करणारे आपण कोण?" मी पुन्हा बोललो असतो तर राणीचं काम काढून दुसऱ्याला दिलं असतं, आणि तो तर हमखास मेला असता. म्हणून मी गप्प बसलो. आपण राणी असलो तर आयत्या वेळी काहीतरी करता येईल, अशी एक वेडी आशा होती.

नाटकाच्या दिवशी गाव लोटला. दोन घोंगड्यांचा पडदा, बाजूला नानांच्या बागेतल्या केळी, आणि माझ्या अंगावर अक्काचंच हिरवं लुगडं. अक्काचे गुडघे तोवर धरले होते, तिला ओट्यावर पाट टाकून, पाठीशी गोधडी देऊन बसवलं होतं. पहिले दोन अंक झकास झाले. लोकांना गोष्ट पाठ असल्यामुळे राजा अडखळला की समोरून पाच-सहा जण त्याला सांगायचे. तिसऱ्या अंकात उंदरांनी खाल्लेलं पान आलं, आम्ही गप्प उभे राहिलो, आणि असोदेकरांनी समजूतदारपणे दशम्या सोडल्या. तिसऱ्या अंकाचा पडदा पडला तेव्हा नाना गाड्यांच्या मागे आले. लुगड्याचा पदर माझ्या खांद्यावरून सारखा घसरत होता, तो त्यांनी नीट केला.

"चलतो," ते म्हणाले. "बैल खोळंबले."

गोठा वीस पावलांवर होता. बैल आडवे पडून शेपट्या हलवत होते. नाना आत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

चौथा अंक सुरू झाला. दासीने पेला आणला, मी हातात घेतला, भाषण सुरू केलं. समोर सगळी माणसं सावरून बसली, कारण आता दासीचा धक्का लागणार. दासी झालेला आमच्या वर्गातला मुलगा मात्र पुस्तकात सांगितल्याप्रमाणे चार हात लांब उभा राहून रडत होता. पुढे बसलेले एक म्हातारे आबा थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, "अवं दासी, धक्का मार ना." दासीने रडणं थांबवून गुरुजींकडे पाहिलं. मागून कोणी म्हणालं, "पोरं इसरले वाटतं." मग एकच गलका झाला. "पेला पाड, पेला पाड." बायाबापड्याही दासीला हाताने ढकलून दाखवू लागल्या. शहरातल्या पोरांची फजिती होऊ नये म्हणून आबा स्वतः उठले आणि धक्का मारायला मागच्या अंगाने गाडीवर चढले. मोकळी गाडी ती, मागे वजन पडताच पुढची दांडी आभाळात गेली. राजा सिंहासनासकट घरंगळत प्रधानाच्या मांडीवर आला, आबा केळींत पडले. मी कसाबसा खांब धरून उभा राहिलो. पेल्यातला मात्र थेंबही सांडला नाही. मेला कसा सांडला नाही, हे मला आजवर समजलेलं नाही.

चौघांनी दांडी धरून खाली दाबली. घोंगडीआडून गुरुजी दात-ओठ खात म्हणत होते, "पी. पी म्हणतो ना." मी पेला ओठांजवळ नेला आणि ओट्याकडे पाहिलं. अक्का माझ्याकडेच पाहत होती. मी पेला तसाच धरून राहिलो, तर पुढचे लोक "वाहवा" म्हणाले. पेला भिरकावून द्यावा, शाळेतून काढलं तर काढलं, असं ठरवून मी हात मागे घेतला. तेवढ्यात अक्काने हात वर केला. ती बोलते आहे म्हटल्यावर गलका थांबला.

"पी बाई, पी," अक्का म्हणाली. "ते गेले गोठ्यात. ते यायच्या आंधी पिऊन घे."

मला काही सुधरेना. अक्का सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, पण वाती वळताना बोलायची तशीच बोलत होती. "मले काय सांगता? विहिरीत पडलेली पोर मोटेच्या दोराले धरून वर येत नसते. मले पयल्या दिवसापासून ठाऊक हाये. पन पोर गेली अन् ह्याहिची वाचाच गेलती. दोन महिने घरात शब्द नही. त्या दिवशी नाटकाहून आले अन् बोलाले लागले. आता बोलतात तं बोलू द्या. हूं म्हनाले माह्यं काय जातं?" मग तिने पदर सारखा केला आणि गावाला बजावलं, "त्याहिले कोनी काई सांगायचं नही. त्याहिले सोसत नही."

मी प्यालो. पेल्यात गुळाचं पाणी होतं. आणि मेलो. संमेलनात मी मरताना तीन गिरक्या घेऊन टाळ्या मिळवल्या होत्या, इथे नुसता खाली बसलो आणि आडवा झालो. कोणी टाळी वाजवली नाही. डोळे किलकिले करून पाहिलं तर अक्का या वेळी तोंडावर पदर न घेता, शेवटपर्यंत, नीट पाहत होती. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही.

पडदा पडला आणि गोठ्याचं दार करकरलं. नाना बाहेर आले. त्यांनी अक्काकडे पाहायचं टाळलं आणि आबांना विचारलं, "काय झालं?" आता पंचाईत अशी, की गावातले निम्मे म्हातारे माळकरी. आबा अंगावरची केळीची पानं झटकत म्हणाले, "माह्या डोयात धूय गेलती, नाना. दिसलं नही." दुसऱ्याने सांगितलं, तो नेमका तेव्हा वहाणा शोधत होता. तिसऱ्याला शिंक आली होती. अख्ख्या असोद्याने एकाच घटकेला दुसरीकडे पाहिलं होतं. माझ्या गळ्यात माळ नव्हती. मी राणीच्या वेषातच गाडीवरून उतरलो आणि म्हटलं, "पेला पडला, नाना. दासीचा धक्का लागला."

"मी सांगतच व्हतो," नाना म्हणाले. मग त्यांनी धीर करून अक्काकडे पाहिलं. अक्का म्हणाली, "हूं."

परत जाताना दमणीत गुरुजी पुस्तक घट्ट मिटून बसले होते. आता आपली धडगत नाही असं मी समजून चाललो होतो. जळगाव दिसायला लागलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "दासी जरा जवळ उभी राहिली असती तरी चाललं असतं."

पुढे बोलपट आले आणि कंपन्या एकेक करून बसल्या. नाना एकदा बोलपटाला येऊन गेले. त्यांनी नायकाला मागे बघायला सांगितलं, त्याने बघितलं नाही. नाना म्हणाले, हा मानूस मगरूर हाये. पुन्हा काही ते आले नाहीत. शाळांची नाटकं तेवढी त्यांनी सोडली नाहीत, दाराजवळची जागाही नाही आणि बैलांची सबबही नाही. पेल्याच्या नाटकाबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, आणि मीही नाही.

अक्का एका मार्गशीर्षात गेली. मी नोकरीच्या गावाहून असोद्याला पोचलो तेव्हा सगळं आटोपून गेलं होतं. शेजारच्या आजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आठ दिवस नाना तिच्या उशापासून हलले नाहीत. त्या दिवशी सकाळी तिला धाप लागली, वैद्याने मान हलवली, आणि नाना एकदम उठून उभे राहिले. "बैल खोळंबले," म्हणाले, आणि गोठ्यात गेले. दार ओढून घेतलं. आजींना त्याचा राग आला होता. मला त्यांच्यासमोर उभं राहवेना, मी परसात जाऊन रडून घेतलं.

दुपारी माणसं येऊन ओट्यावर बसली होती. दाराच्या चौकटीजवळची जागा आपसूकच सगळ्यांनी मोकळी सोडली होती. मग नाना समोर बघत बोलायला लागले.

"धाप थांबली तशी ती उठून बसली. गुडघे पार मोकये झालते. दारात पोर उभी व्हती, परकर नेसून. म्हने, माय, चल ना, किती येळ लावते. तं ही म्हने, थांब, त्याहिच्यापुरती भाकर झाकून ठेवते." त्यांनी गळ्यातली माळ चिमटीत धरली. "मी काई पाह्यलं नही. मी गोठ्यात व्हतो. तं हे खोटं कसं?"

एवढं बोलून ते थांबले आणि चौकटीकडे बघत राहिले. गोष्ट अडली होती. आबा खाली मान घालून बसले होते, बाकीचे आबांकडे बघत होते. अक्काच्या जागी बोलायचं कोणी, हे कोणालाच सुचेना. मी घसा साफ केला.

"हूं," मी म्हटलं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते पुढे सांगू लागले.